इंजिनाचा घास केवढा?

वाचकांचे प्रश्न, गॅरेजमधून उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी एक पत्र मी तीनदा वाचलं. आपल्या भागात अशी गाडी कुणी जिवापाड सांभाळतंय याचा आनंद झाला, आणि तिची जी दशा लिहून आली आहे ती वाचून जीव तुटला. म्हणून या वेळी सगळ्यात जास्त जागा त्या पत्राला देतो. बाकीची दोन उत्तरं त्याच धाग्यातली, म्हणजे कार्बची (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या कार्ब्युरेटरची) आहेत.

प्रश्न : मिस्त्रीकाका, नमस्कार. मी जालन्याचा. घरची मोसंबीची बाग आहे, शिवाय दोन ट्रक चालतात. मागच्या दिवाळीत पुण्याच्या एका हौशी माणसाकडून १९६७ ची फोर्ड मस्टँग घेतली. इंजिन २८९ व्ही-एट, गिअर ऑटोमॅटिक. बाकी इंजिन कंपनीचंच आहे, पण आधीच्या मालकाने मूळचा कार्ब काढून फोर बॅरल, म्हणजे चार तोंडांच्या कार्बचा, मॅनिफोल्ड (कार्बमधून इंजिनात मिश्रण नेणारा पाइप) टाकला आणि त्यावर हॉलीचा ७५० चा डबल पंपर बसवला. गाडी स्लोला, म्हणजे पाय काढल्यावर, उभी राहत नाही, सिग्नलला बंद पडते. मागे उभं राहिलं की पेट्रोलच्या वासाने डोळे चुरचुरतात. पाय दाबला की आधी गप्प होते, मग एकदम झेपावते. मिक्श्चरचे स्क्रू कितीही फिरवले तरी फरक नाही. एक जण म्हणतो जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा पितळी तुकडा, बारीक करा. दुसरा म्हणतो ८५० चा टाका, मग बघा ताकद. काय करू?

उत्तर : ८५० चा टाकू नका. आणि आत्ता जेटलाही हात लावू नका.

तुमच्या बागेत ठिबक असेलच. ठिबकमधून खत सोडायला तुम्ही व्हेंच्युरी लावता ना? पाण्याची वाट मध्येच अरुंद होते, तिथे पाण्याचा वेग वाढतो, दाब पडतो आणि शेजारच्या बादलीतलं खताचं पाणी नळीतून आपोआप वर ओढलं जातं. आता समजा मोटर तीच आहे, पण व्हेंच्युरी दुप्पट मोठा लावला. पाणी त्यातून संथ जाईल, ओढ बसणार नाही आणि बादली तशीच भरलेली राहील. कार्बचं सगळं काम याच एका गोष्टीवर चालतं. पाण्याच्या जागी हवा, खताच्या जागी पेट्रोल. त्या अरुंद जागेला कार्बमध्येही व्हेंच्युरीच म्हणतात.

तुमच्या इंजिनाला झेपणार नाही एवढी मोठी व्हेंच्युरी त्याच्या डोक्यावर बसवली आहे. हळू चालवताना हवा त्यातून रेंगाळत जाते. पेट्रोलला ओढ बसत नाही, आणि जे येतं त्याची धुई न होता थेंब पडतात. थेंब मॅनिफोल्डच्या भिंती ओल्या करतात, नीट जळत नाहीत. म्हणून गाडी दबते आणि त्याच वेळी मागून पेट्रोलचा वासही मारते. भूक आहे आणि ताटातलं सांडतही आहे, अशी तिची अवस्था.

मग केवढा कार्ब हवा? याचा हिशोब वहीच्या एका ओळीत होतो. २८९ हे इंजिनाचं घनइंचातलं माप, म्हणजे साधारण ४.७ लिटर. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपलं पोट भरतं. एका घनफुटात १७२८ घनइंच, त्याची दुप्पट ३४५६. तुमचं इंजिन कंपनीच्या कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) मिनिटाला ५००० फेऱ्यांच्या पुढे न्यायचं कारण नाही. २८९ गुणिले ५००० म्हणजे १४,४५,०००. त्याला ३४५६ ने भागलं की ४१८. पण कुठलंही साधं इंजिन शंभर टक्के भरत नाही, ८५ टक्के धरा. उरले मिनिटाला ३५५ घनफूट, म्हणजे ३५५ सीएफएम. कार्बवर जो ७५० लिहिलाय तो आकडा हाच. ३५५ ची भूक आणि ७५० चा घास.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. त्या वर्षी फोर्डने हेच २८९ दोन बॅरलच्या ऑटोलाइट कार्बवर २०० हॉर्सपॉवरचं दिलं, आणि चार बॅरलवर २२५ चं. त्या चार बॅरलच्या ऑटोलाइट ४१०० चं माप होतं ४८०. ज्यांनी इंजिन बनवलं त्यांनी स्वतः ४८० बसवला, त्यामुळे आपण हजारो मैलांवर बसून ८५० चा विचार करण्यात अर्थ नाही. एक खबरदारी घ्या. दोन बॅरल आणि चार बॅरलच्या कार्बचे आकडे एका तराजूत तोललेले नसतात. चार बॅरलचा आकडा पाऱ्याच्या दीड इंच ओढीवर मोजतात, दोन बॅरलचा तीन इंचांवर. तुलना करायची तर दोन बॅरलच्या आकड्याला १.४१ ने भागा, मग दोन्ही एका पातळीवर येतात. जुना माल विकणारे हे सांगत नाहीत.

दुसरी चूक डबल पंपरची. त्यात मागची दोन बॅरल लिंकने, म्हणजे सरळ तुमच्या पायाने उघडतात. इंजिन तयार असो नसो, पाय दाबला की उघडली. हलकी गाडी, हातातला गिअर, फेऱ्या कायम वर, अशा ठिकाणी तो शोभतो. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीला व्हॅक्यूम सेकंडरी हवी. त्यात मागची बॅरल इंजिनाच्या स्वतःच्या ओढीने उघडतात, जेवढी भूक तेवढीच. थोडा मोठा कार्ब असला तरी तो सांभाळून घेतला जातो.

म्हणून माझं मत असं. सगळ्यात चांगलं, जुना ऑटोलाइट ४१०० मिळाला तर तो उघडून, धुऊन, नवं पॅकिंग टाकून बसवा. तो या इंजिनासाठीच जन्मलाय. नाही मिळाला तर एडलब्रॉकचा ५०० चा. नवख्या हाताला तो सोपा, कारण त्याचे मीटरिंग रॉड (जेटच्या भोकात बसणाऱ्या सळ्या) वरून दोन स्क्रू सैल करून बदलता येतात, कार्ब खोलावा लागत नाही, पेट्रोल सांडत नाही. हॉलीच हवा असेल तर ६०० चा व्हॅक्यूम सेकंडरीवाला, ज्याचा लिस्ट नंबर १८५० आहे. जगभर तो इतका विकला गेलाय की सुटे भाग कुठूनही मागवता येतात. पण ६०० ही तुमच्या इंजिनाची शेवटची हद्द समजा. ७५० चा आहे तो विकून टाका, त्यावर पैसे घालत बसू नका.

आता स्क्रूचं. तुम्ही लिहिलंय फरकच पडत नाही. याचं कारण बहुधा असं, की गाडी बंद पडते म्हणून कुणीतरी स्लोचा स्क्रू आवळून थ्रॉटलची, म्हणजे हवेची वाट उघडणारी, पाती जास्त उघडली. पातीच्या कडेपाशी कार्बच्या भिंतीत एक उभी बारीक फट असते, ट्रान्सफर स्लॉट. पाती जास्त उघडली की ती फट मोकळी पडते आणि पेट्रोल तिथूनच यायला लागतं. मग मिक्श्चरच्या स्क्रूकडून जायला काही उरतच नाही. कार्ब काढून उलटा धरा आणि बघा. स्लोवर ती फट फक्त चौकोनी ठिपक्याएवढी दिसली पाहिजे. लांब रेघ दिसली की समजायचं पाती फार उघडी आहे. दुसरं कारण फुटलेला पॉवर व्हॉल्व्ह, म्हणजे जोर लागताना जास्तीचं पेट्रोल सोडणारा व्हॉल्व्ह. दोन्ही मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घ्या. इंजिन बंद पडायला हवं. तरीही चालत राहिलं तर पेट्रोल आडवाटेने येतंय. जुन्या हॉलीमध्ये एखादा जोराचा बॅकफायर झाला तरी त्या व्हॉल्व्हचा पातळ पडदा फाटतो.

नवा कार्ब आला की थेट सेटिंगला बसू नका. मी हैदराबादला ज्या उस्तादांकडे शिकलो, त्यांच्या गॅरेजमध्ये तेव्हा इम्पाला, प्लायमाउथ अशा मोठ्या गाड्या यायच्या. निजामाच्या काळापासून आपल्या मराठवाड्याचा माणूस कामाला हैदराबादलाच जायचा, तसाच मीही गेलो. उस्ताद कार्बला सगळ्यात शेवटी हात लावायचे. आधी आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन. मग पॉइंट, कंडेन्सर, प्लग. मग टायमिंग. तुमच्या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-५-४-२-६-३-७-८. वायरी एकदा बोट ठेवून मोजा, शेजारच्या दोन वायरींची अदलाबदल मी स्वतः पाहिली आहे आणि मालक सहा महिने कार्बला दोष देत होता. फेऱ्या ३००० पर्यंत नेल्यावर एकूण ॲडव्हान्स, म्हणजे पिस्टन वर पोचण्याआधी ठिणगी किती आधी पडते ते, ३४ ते ३६ अंशांपाशी यावा, व्हॅक्यूमची नळी काढून मोजलेला. त्यानंतर मॅनिफोल्डखालून कुठे हवा ओढतेय का ते बघायचं. हे सगळं चोख असल्याशिवाय कार्बची सेटिंग टिकत नाही.

मग फ्लोट, म्हणजे कार्बच्या वाटीतली (बाउलमधली) पेट्रोलची पातळी सांभाळणारा तरंगता गोळा. हॉलीच्या फ्लोट बाउलच्या बाजूला एक छोटा पितळी स्क्रू असतो, तो पातळी बघायचा. गाडी सपाट फरशीवर, इंजिन स्लोवर, खाली फडकं धरलेलं, हाताशी आग विझवायचं सिलिंडर. तो स्क्रू काढा आणि भोकाकडे बघत राहा. पेट्रोल भळभळून आलं तर पातळी जास्त, कोरडं राहिलं तर कमी. वरचा नट आणि स्क्रू अगदी थोडा फिरवून थांबायचं. बरोबर जागा आली की पेट्रोल भोकाच्या खालच्या काठावर येऊन टेकतं, फुगीर, चमकतं, आणि इंजिनाच्या थरथरीने अधूनमधून एखादा थेंब ओघळतो. तिथे सोडून द्यायचं. हे काम पाच मिनिटांचं, पण ते न करता जेट बदलणारे मी खूप पाहिले. पातळीच चुकीची असेल तर जेटचा नंबर काय सांगणार?

पुढे मिक्श्चर. दोन्ही स्क्रू हलकेच आत टेकवून दीड दीड फेरी बाहेर. मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज (इंजिनाची ओढ मोजायचं मीटर) लावा. एकदा डावा पाव फेरी, एकदा उजवा पाव फेरी, काटा जिथे सगळ्यात वर आणि स्थिर राहील तिथे सोडा. इथे आपल्या भागाचा एक मुद्दा आहे. पुस्तकात निरोगी इंजिनाचं व्हॅक्यूम १७ ते २१ इंच लिहिलेलं असतं, ते समुद्रकाठचं. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो. संभाजीनगर १९०० फुटांच्या आसपास, जालना त्याहून थोडं खाली. म्हणजे तुमचा काटा १६ वर उभा राहिला तरी इंजिन ठणठणीत आहे, उगाच रिंगा बदलायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. गिअर डी मध्ये, ब्रेक दाबून, व्हॅक्यूम परत बघा आणि त्याच्या निम्म्याचा पॉवर व्हॉल्व्ह घ्या. १३ दाखवलं तर साडेसहाचा.

पाय दाबल्यावर गप्प होते ते कार्बमधल्या पंपाचं, म्हणजे पाय दाबताच पेट्रोलची पिचकारी मारणाऱ्या पंपाचं, दुखणंही असू शकतं. इंजिन बंद ठेवून बोनेट उघडा, एअर फिल्टर काढा आणि थ्रॉटल हाताने जरासा हलवा. हलवल्या क्षणी दोन बारीक धारा आत पडल्या पाहिजेत, क्षणभरसुद्धा उशीर नको. उशीर झाला तर पंपाचा दांडा आणि स्क्रू यांच्यात मोकळीक आहे. आणि थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर त्या दांड्याला अजून पंधरा हजारांश इंच, म्हणजे फिलर गेजचं ०.०१५ चं पान जाईल एवढी, जागा राहिली पाहिजे, नाहीतर पडदा चेपून फाटतो.

आणि आता जेट, सगळ्यात शेवटी. हॉली १८५० मध्ये पुढचे जेट ६६ नंबरचे येतात. दोन गोष्टी दोन दिशांना ओढतात. उंचीमुळे हवा पातळ, म्हणून दर २००० फुटांना एक नंबर बारीक करायचा असा ठोकताळा आहे. पण आपल्या पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला हवा १४.७ भाग लागते, इथेनॉलला फक्त ९. दोन्ही मिसळल्यावर हिशोब साडेतेरापाशी येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे ८ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. एका नंबरने चार-पाच टक्के फरक पडतो, तेव्हा इथेनॉलसाठी दोन नंबर मोठा आणि उंचीसाठी एक बारीक. सुरुवात ६७ वर करा. मग दौलताबादहून खुलताबादकडे चढणाऱ्या घाटासारखा लांब चढ गाठा, तिसऱ्या गिअरला ताण देऊन चढा, आणि चढतानाच चावी बंद करून गिअर न्यूट्रलला टाकून कडेला सुरक्षित जागी घ्या. स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतील हे लक्षात ठेवा, रस्ता मोकळा असल्याशिवाय करू नका. प्लग काढा. पोर्सेलिन फिकट बदामी असेल तर ठीक. पांढरं फटक आणि टोकाला बारीक मणी दिसले तर लगेच एक नंबर मोठा, कारण तसं चालवत राहिलं तर पिस्टन जळतो. काळी भुकटी असेल तर एक बारीक.

जेट विकतच घ्या. तारेने भोक मोठं करू नका. १९७६ मध्ये मी ही चूक केली आहे. एका इम्पालाच्या जेटमध्ये कचरा अडकला होता, मी क्लचच्या वायरचा एक तंतू काढला आणि घातला फिरवून. कचरा निघाला. आठवड्याने गाडी परत आली, सायलेन्सर काळा आणि मालक लाल. उस्तादांनी मला ओरडलं नाही. नवा जेट आणि माझा जेट दोन बोटांत धरून उन्हाकडे केले. नव्याचं भोक गोल, काठ धारदार, आतून एकसारखा पिवळा उजेड. माझ्याचं भोक एका बाजूला ओढलेलं, आणि काठावर नखाने ओढल्यासारखे तीन ओरखडे. पितळ मऊ असतं. त्या तीन ओरखड्यांनी मालकाचं आठवडाभर पेट्रोल प्यायलं होतं. तेव्हापासून माझ्या गॅरेजमध्ये जेट फक्त हवेने आणि क्लीनरने साफ होतो.

तुमचं काम इथे येऊन करायचं असेल तर गाडी टोचन करून आणू नका, ट्रकवर चढवून आणा. तुमच्याकडे ट्रक आहेतच. ऑटोमॅटिक गिअरची गाडी मागची चाकं रस्त्यावर ठेवून लांब ओढली की गिअरबॉक्सला तेल पोचत नाही.

प्रश्न : नांदेडहून लिहितो. आजोबांची पेट्रोल जीप अजून चालती ठेवली आहे. एप्रिल-मे मध्ये दुपारी पाच-दहा किलोमीटर गेली की मिसिंग करते, बंद पडते. अर्ध्या तासाने आपोआप चालू होते. इंजिनाजवळच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकलं की लवकर चालू होते. इथेनॉलमुळे होतंय असं सगळे म्हणतात. खरं का?

उत्तर : अर्धं खरं. पण आधी कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी वीज वाढवणारा डबा, तपासा. तापलेली कॉइलही अगदी असंच करते, गार झाली की परत शहाणी. पुढच्या वेळी बंद पडली की लगेच प्लगची एक वायर काढून तिला जुना प्लग लावा, बॉडीला टेकवा आणि सेल्फ मारा. हे कार्बपासून आणि पेट्रोलच्या नळीपासून लांब धरून करा. निळी कडक ठिणगी आली तर कॉइल बरी. पिवळी, मरगळलेली किंवा आलीच नाही तर कॉइल बदला, फडक्याची गरज राहणार नाही.

ठिणगी चांगली आहे असं धरून पुढे सांगतो. पेट्रोल म्हणजे अनेक द्रवांची मिसळ. त्यातला हलका भाग ४०-५० अंशांपासूनच उकळायला लागतो. आपल्याकडे मेमध्ये सावलीतच ४२-४३ अंश, बोनेटखाली त्याच्या कितीतरी वर. नळीत वाफेचे बुडबुडे होतात. पंप द्रव ओढण्यासाठी बनलेला, वाफ त्याला ओढता येत नाही. ओल्या फडक्याने वाफेचं परत पेट्रोल होतं म्हणून गाडी चालू होते. आजोबांच्या काळीही हे व्हायचंच. मी ओल्या बारदानाचे तुकडे पंपावर बांधून फिरणाऱ्या जीपा परभणी रोडला पाहिल्यात, तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉलचा थेंब नव्हता.

कायमचा उपाय करा. पेट्रोलची नळी मॅनिफोल्डपासून हातभर लांबून न्या. जिथे लांब नेता येत नाही तिथे उष्णतारोधक नळी चढवा. कार्ब आणि मॅनिफोल्डच्या मध्ये बेकेलाइटचा जाड स्पेसर घाला, इंजिनाची धग कार्बच्या बाउलपर्यंत येत नाही. तरीही नाही थांबलं तर टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप. टाकीजवळ, कार्बजवळ नाही, कारण पंपाचं काम ढकलायचं आहे. आणि त्याच्या वायरीत ऑइल प्रेशरचा स्विच घालायलाच हवा, म्हणजे इंजिन बंद पडलं की पंपही थांबतो. हा स्विच नसेल तर अपघातात तुटलेल्या नळीतून पेट्रोल वाहत राहील. यात काटकसर नको.

इथेनॉलचा खरा त्रास वेगळा आहे. ते आपल्याच उसाचं, आपल्याच भागातल्या कारखान्यांतून बनतं, त्याचा मला राग नाही. पण १९६० च्या आसपासच्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. मी एका दुकानातून घेतलेल्या कार्ब किटमधला पंपाचा पडदा दोन महिन्यांत फुगून दीडपट झाला, आणि निडलच्या (बाउलमध्ये येणारं पेट्रोल अडवणाऱ्या सुईच्या) टोकाचं रबर बोटाला चिकटलं. तेव्हापासून मी व्हायटनचं (इंधनाने न फुगणाऱ्या रबराचं) टोक आणि इथेनॉलला चालणारी नळी असल्याशिवाय काही बसवत नाही. नळीवर छापलेलं असतं, वाचून घ्या. दुसरं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात गाडी चार महिने उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि कार्बच्या बाउलमध्ये पांढरी भुकटी धरते. जीप उभी ठेवणार असाल तर नळीचा कॉक बंद करून बाउलमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू द्या, म्हणजे बाउल कोरडा राहतो. पंधरा दिवसांतून एकदा चालवत असाल तर याची गरज नाही.

प्रश्न : काका, मी उदगीरची. बारावीला आहे. बाबांची पद्मिनी आणि आजोबांची जुनी बुलेट दोन्ही मी स्वतः सेट करायला शिकतेय. बाबा म्हणतात स्क्रू आत घेतला की पेट्रोल कमी होतं. बुलेटच्या मिस्त्रीने सांगितलं, आत घेतला की पेट्रोल वाढतं. दोघांपैकी कुणाचं ऐकू?

उत्तर : बेटा, दोघंही बरोबर सांगतायत. स्क्रू कुठे बसलाय ते बघायचं. पद्मिनीच्या सोलेक्स कार्बमध्ये तो थ्रॉटलच्या पातीच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला आहे. तिथून हवेत मिसळलेलं पेट्रोल जातं, म्हणून स्क्रू आत घेतला की वाट बंद होते आणि मिश्रण पातळ होतं. बुलेटच्या मिककार्बमध्ये तो एअर फिल्टरच्या बाजूला आहे. तिथून फक्त हवा येते. आत घेतला की हवा कमी, म्हणजे मिश्रण दाट. वरच्या मस्टँगच्या कार्बलाही हाच नियम लाव, त्याचे स्क्रू पद्मिनीसारखे.

दोन्ही गाड्यांना इंजिन पूर्ण तापू दे, मगच स्क्रूला हात लाव. चोक ओढलेला असताना केलेली सेटिंग दुपारी उपयोगाची नसते. स्क्रू आत टेकवताना फक्त दोन बोटांनी फिरव, तळहात लावायचा नाही. जोर दिला की स्क्रूच्या निमुळत्या टोकाला वर्तुळासारखी खाच पडते. ती खाच डोळ्याला क्वचित दिसते, नखाला लागते. तुझ्या पद्मिनीचा स्क्रू एकदा पूर्ण बाहेर काढ, टोकावरून नख खालीवर फिरव. नख अडलं तर नवा स्क्रू घे, आणि काढण्याआधी तो किती फेऱ्यांवर होता ते वहीत लिहून ठेव.